पांढऱ्या रेघेची कुळकथा

आमच्या शाळेपुढून जाणारा रस्ता टेकडीला वळसा घालून खाली उतरतो. त्या वळणावर मधोमध एक पांढरी रेघ होती. दोन पावसाळ्यांत ती पार पुसून गेली. त्यानंतर तेथेच माझ्या सातवीच्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांची मोटारसायकल समोरून येणाऱ्या टेंपोवर आदळली. माणूस वाचला, पाय गेला. दोघांचेही म्हणणे एकच, "मी माझ्याच बाजूने होतो!" महिनाभराने मुलगा शाळेत आला आणि इतिहासाच्या तासाला उभा राहून म्हणाला, "गुरुजी, रस्त्यावर रेघ पहिल्यांदा कुणी मारली?"

मी तेव्हा पुरंदरच्या तहात होतो. प्रश्न धड्याबाहेरचा, पण इतिहासाबाहेरचा नव्हे. उत्तरासाठी मी दोन दिवसांची मुदत मागितली.

मौज अशी, की रेघेच्या आधी दंड आला. इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने यंत्रावर चालणाऱ्या गाडीला गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ४ मैल एवढीच मोकळीक होती. वर तिच्यापुढे एक माणूस चालत ठेवावा लागे. १८९६ च्या जानेवारीत केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड हे गृहस्थ ताशी ८ मैलांच्या 'भरधाव' वेगाने निघाले. शिपायाने सायकलीवरून पाठलाग करून त्यांना पकडले. वेगाबद्दल दंड झाला १ शिलिंग!

रेघेची जन्मभूमी अमेरिका. मिशिगन राज्यातील वेन परगण्याच्या रस्तेमंडळावर एडवर्ड हाइन्स नावाचे सभासद होते. हेन्री फोर्डही आरंभी त्याच मंडळावर होते. दुधाच्या गाडीतून गळलेल्या दुधाची धार रस्त्यावर पाहून हाइन्स यांना कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. १९११ साली त्यांनी रस्त्याच्या मधोमध रेघ ओढविली. गळक्या कासंडीने एवढे पुण्य क्वचितच जोडले असेल.

पण माझे मन रमले ते जून मॅकॅरोल यांच्यापाशी. या बाई कॅलिफोर्नियातील इंडिओ गावच्या डॉक्टर; वाळवंटी मुलुखात दूरदूरच्या रोग्यांकडे जात. १९१७ साली घरी परतताना समोरून एक ट्रक आला आणि त्याने त्यांची मोटार रस्त्याबाहेर वाळूत ढकलली. पुढे एकदा त्यांच्या ध्यानात आले, की एक रस्ता रुंद करताना जुन्या-नव्या भागाच्या सांध्यावर उंचवटा राहिला आहे, आणि त्याच्यामुळे गाड्या आपापल्या बाजूने जातात. बाईंनी अधिकाऱ्यांना गाठले. त्यांनी ऐकून घेतले, केले काही नाही. (कचेऱ्या सगळीकडच्या सारख्याच!) तेव्हा बाईंनी स्वतःच मैलभर लांब, ४ इंच रुंद रेघ रंगविली. मग गावच्या महिला मंडळाने पत्रांचा मारा चालविला, आणि १९२४ साली राज्याने ३,५०० मैल रस्त्यांवर रेघा मारावयाचे ठरविले. इंडिओजवळच्या महामार्गाला २००२ साली त्यांचे नाव दिले.

आपल्याकडे मोटारींचा कायदा १९१४ साली आला. मग १९३९ चा, मग १९८८ चा. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावाचून गाडी हाकणाऱ्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० झाला. मी मुलांना फळ्यावर आकृती काढून दाखविली: तुटक रेघ असेल तर समोरचा रस्ता मोकळा पाहून पुढच्या गाडीला मागे टाकावे, वळणावर, चढावर मात्र अखंड रेघ असते, कारण पलीकडचे दिसत नाही. ती ओलांडायची नाही, पुढचा टेंपो कितीही रेंगाळो. दंड पावती फाडल्यावर कळतो. रेघ अंधारात, पावसात, एकट्यालाही सांगते. पण ती दिसली तर!

तो मुलगा सारे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सरकारी रस्त्यावर रेघ मारली म्हणून बाईंना दंड नाही झाला?"

"नाव दिले त्यांचे रस्त्याला," मी म्हणालो.

दोन दिवसांनी कबड्डीचे मैदान आखायला गेलो, तो फक्कीचे पोते रिकामे. शाळेच्या फाटकापासून वळणाच्या पार पलीकडे एक वाकडीतिकडी पांढरी रेघ गेली होती. वर्गात येऊन मी हजेरी घेतली. त्या मुलाच्या विजारीचे दोन्ही गुडघे पांढरे होते.