वऱ्हाडचें स्वामित्व आणि यवतमाळ जिल्हा

नव्या राष्ट्राची घडण अभ्यासितांना राजधानीचीं दप्तरें चाळण्याचा आपला प्रघात आहे. परंतु यवतमाळसारख्या एका जिल्ह्याचा कारभार कोणकोणाच्या नांवानें चालला, हें क्रमवार लावून पाहिल्यास त्या घडणीवर अधिक प्रकाश पडतो.

हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं निजामानें इ. स. १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवालीं केला. १९०२ च्या करारानें सालीना २५ लक्ष रुपये ठरवून तो इंग्रजांस कायमच्या पट्ट्यानें मिळाला आणि १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडला गेला. वणीच्या नांवानें ओळखला जाणारा हा जिल्हा १९०५ पासून यवतमाळचा झाला. इतकें होऊनही स्वामित्व निजामाचेंच राहिलें. १९३६ च्या करारांत इंग्रजांनीं तें पुनः मान्य केलें. म्हणजे जुलै १९३० मध्यें लोकनायक माधव श्रीहरि अणे यांनीं पुसद येथें जंगल सत्याग्रह आरंभिला, तेव्हां गवत कापून कायदा मोडला गेला तो इंग्रजांचा, भूमि मात्र कागदोपत्रीं निजामाची होती!

१९४७ सालीं निजामानें वऱ्हाड परत मागितला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर त्या मागणींत कांहीं अर्थ उरला नाहीं. पुढें १९५० ते १९६० या दहा वर्षांत यवतमाळ मध्यप्रदेश, द्वैभाषिक मुंबई व महाराष्ट्र अशा तीन राज्यांत अनुक्रमें नांदलें.

राज्य कसें असावें, या प्रश्नास याच जिल्ह्यानें दोन उत्तरें दिलीं. वणीचे अणे स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते होते. १९५५ सालीं राज्य पुनर्रचना आयोगानेंही तशीच शिफारस केली, परंतु ती मान्य झाली नाहीं. पुसद तालुक्यांतील गहुलीचे वसंतराव नाईक यांनीं महाराष्ट्राच्या शासनांत राहून कारभार खालीं नेण्याचा मार्ग धरिला. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला व १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १९६३ ते १९७५ ते मुख्यमंत्री होते. कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्यें त्यांच्याच कारकीर्दींत आली.

यांपैकीं कोणतें उत्तर खरें, हा वाद येथें सोडवावयाचा नाहीं. २००६ सालीं विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें केंद्र सरकारास मदतीची योजना जाहीर करावी लागली, त्यांत यवतमाळ होतें, हें मात्र विसरतां येत नाहीं. राज्याचें नांव एका सहीनें बदलतें. कुणब्याच्या दारापर्यंत राज्य पोंचावयास पिढ्या लागतात.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, देशमुख-देशपांड्यांच्या वतनी कागदांइतक्याच आस्थेनें ग्रामपंचायतींचीं इतिवृत्तें, सहकारी सोसायट्यांच्या वह्या व कापूस खरेदीच्या पावत्या जतन कराव्या. सनदांवरून मालक कळेल. राज्य लोकांचें झालें कीं नाहीं, हें याच कागदांवरून कळेल.