ओओएम किलर

लिनक्स कर्नलमधील यंत्रणा. मेमरी संपली आणि कर्नलला आणखी जागा कुठूनही मोकळी करता येईना, की चालू प्रोसेसपैकी एक निवडून ती बंद पाडणे हे हिचे काम. ‘आउट ऑफ मेमरी’ची आद्याक्षरे घेऊन ‘ओओएम’ हे नाव पडले. मूळ लेखन रिक व्हॅन रील यांचे, १९९८ सालचे.

ही वेळ का येते? लिनक्स सहसा मागेल त्याला मेमरी कबूल करतो. प्रोग्रॅमने १ जीबी मागितली तर ती त्याच्या नावावर मांडली जाते. प्रत्यक्ष रॅम मिळते ती त्या जागेत पहिल्यांदा काही लिहिले जाते तेव्हा, बहुतेक यंत्रांवर ४ केबीच्या एकेका पानाने. बरेच प्रोग्रॅम मागतात त्याहून कमी वापरतात, म्हणून हा व्यवहार एरवी निभावतो. सगळ्यांनी एकदम हक्क सांगितला की अडते. कर्नल आधी कॅशमधली पाने सोडतो, स्वॅप असेल तर काही पाने तिकडे हलवतो. तेवढ्याने भागले नाही, तर एका प्रोसेसचा बळी जातो. विंडोजचा रिवाज वेगळा: तिथे रॅम आणि पेज फाइल मिळून ठरलेल्या मर्यादेपलीकडची मागणी मुळातच नाकारली जाते.

कोणाला निवडायचे याचे जुने गणित गुंतागुंतीचे होते. प्रोसेस किती वेळ चालली, तिची मुले किती मोठी, तिची ‘नाइस’ किंमत काय, असे बरेच त्यात धरलेले असे. २०१० साली डेव्हिड रिएंटजेस यांनी ते नव्याने लिहिले आणि २.६.३६ या आवृत्तीपासून मुख्य निकष एकच उरला: प्रोसेसने व्यापलेली रॅम, स्वॅप आणि पेज टेबले यांची बेरीज. सीपीयूसाठी दिलेला अग्रक्रम इथे उपयोगी पडत नाही. हा साधेपणा योग्यच आहे, कारण काय होणार याचा अंदाज आधी बांधता येतो. पण सर्वांत मोठी प्रोसेस म्हणजे दोषी प्रोसेस नव्हे. गळती दहा लहान स्क्रिप्टांत असते आणि जातो तो डेटाबेस.

म्हणून प्रत्येक प्रोसेसला ‘ओओएम स्कोअर अ‍ॅडज’ हा आकडा देता येतो, −१००० ते +१०००. ८ जीबी रॅमच्या, स्वॅप नसलेल्या यंत्रावर +१०० दिले, तर ती प्रोसेस सुमारे ०.८ जीबीने जास्त मोठी धरली जाते. −१०० दिले तर तेवढीच लहान. −१००० म्हणजे पूर्ण अभय. दुरून लॉगिन करू देणारा एसएसएच सर्व्हर स्वतःसाठी हेच घेतो, कारण तोच गेला तर बिघडलेल्या यंत्रात शिरायला दारच उरत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याने डेटाबेससाठी हा आकडा आधीच ठरवून ठेवावा.

निवडलेल्या प्रोसेसला ९ क्रमांकाचा सिग्नल जातो. तो अडवता येत नाही, त्यामुळे अर्धवट काम जतन करायलाही सवड मिळत नाही. मागे राहते ती कर्नलच्या लॉगमधली ‘किल्ड प्रोसेस’ अशी ओळ: क्रमांक, नाव, व्यापलेली मेमरी. कंटेनर असा मेला की बहुधा १३७ हा कोड दिसतो: १२८ अधिक ९. कधी मरणारी प्रोसेसच एखाद्या लॉकवर अडकून पडे आणि मेमरी सुटत नसे. २०१६ च्या ४.६ आवृत्तीत आलेला ‘ओओएम रीपर’ तिची खासगी पाने परस्पर मोकळी करतो.

कर्नल हा निर्णय फार उशिरा घेतो, ही तक्रार खरी आहे. तोवर माउसचा बाणही हलेनासा होतो. त्यामुळे ताण मोजून आधीच हात घालणारे ‘सिस्टिमडी-ओओएमडी’सारखे प्रोग्रॅम पुढे आले.

अँड्रॉइडमध्ये हे काम ‘एलएमकेडी’ करतो आणि तिथे आकारापेक्षा वापरणाऱ्याची नजर महत्त्वाची. समोर उघडलेल्या ॲपला ०, मागे नुसत्याच पडून असलेल्यांना ९०० च्या पुढे. मोठा आकडा आधी जातो. कमी रॅमच्या फोनवर फॉर्म भरता भरता ओटीपी पाहायला मेसेजमध्ये जावे आणि परतल्यावर फॉर्म कोरा दिसावा, त्यामागे बऱ्याचदा हीच उतरंड असते.