उजेडाची वाट

नाकाच्या पोकळ्यांतील कर्करोगाला डोळा आणि मेंदू यांचा शेजार असतो. कमी कापावे तर रोग उरतो, अधिक कापावे तर दृष्टी जाते. म्हणून शस्त्रवैद्याला आधी हवा असतो तो उजेड.

१९०१ मध्ये हिर्शमान यांनी मूत्राशय तपासण्याच्या नळीत फेरफार करून गालाच्या पोकळीत डोकावून पाहिले. १९४८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज मूर यांनी चमकणाऱ्या फ्लुओरेसीनने मेंदूतील गाठी हुडकल्या. १९५४ मध्ये हॉपकिन्स आणि आपले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेली. पुढे हॉपकिन्स यांच्याच काचदंडांनी नाकाची दुर्बीण स्वच्छ केली.

आता शिरेतून इंडोसायनिन ग्रीन देतात. अवरक्त किरणांत ते उजळते. डोळ्यांना न दिसणारी ती चमक कॅमेरा टिपतो आणि जपावयाची रक्तवाहिनी पडद्यावर उमटते. मात्र सुजलेला भागही चमकू शकतो. रोगाचा अखेरचा निवाडा सूक्ष्मदर्शकाचाच.

श्रोतेहो, बिदर जिल्ह्यातील दुबलगुंडीहून मुंबईचे टाटा रुग्णालय किंवा बंगळुरूची किडवाई संस्था दूर आहे. एकच नाकपुडी सतत चोंदत असेल, तिच्यातून वरचेवर रक्त येत असेल, तर ते पडसे समजून दिवस घालवू नयेत. वेळेवर पोचणाऱ्यालाच हा उजेड उपयोगी पडतो.