म्हैस : थोर नावाचं जनावर

श्रोतेहो, आज आपण रोजच्या पाहण्यातल्या एका जनावराच्या नावापाशी थांबणार आहोत : म्हैस. सकाळच्या चहात हिचंच दूध असतं; पण कुणाला म्हैस म्हटलं, की ती शिवी होते.

मूळ शब्द ‘महिष’. ऋग्वेदात तो विशेषण म्हणून येतो. अर्थ मोठा, बलवान, थोर. देवांनाही तो लावलेला आहे. त्या काळी ‘मृग’ म्हणजे कुठलंही रानटी जनावर. हात असलेला मृग तो ‘हस्तिन्’, म्हणजे आपला हत्ती. बलाढ्य मृग तो ‘महिष’. पुढे ‘मृग’ गळून पडला आणि विशेषणच नाव होऊन बसलं. त्याचं स्त्रीलिंग ‘महिषी’. संस्कृतात महिषी म्हणजे म्हैस, आणि राजाची पट्टराणीसुद्धा! हसू येतं खरं, पण ही थट्टा नाही. मोठेपणाचा एकच शब्द दोघींच्या वाट्याला आला.

राणीचा शब्द पोथीत राहिला. गोठ्यातला मात्र लोकांच्या तोंडी झिजत गेला : महिषी, प्राकृतात महिसी, मग म्हैस. हिंदीत ‘म्ह’चा ‘भ’ होऊन भैंस झाली; आपण ‘म्ह’ राखला. आणि ‘वीस’ची जशी ‘विशी’, तशी ‘म्हैस’ची ‘म्हशी’ : पुढे ‘ई’ आली की ‘स’चा ‘श’ करायचा, ही मराठीची जुनी सवय. मराठीच्या आधीची महाराष्ट्री प्राकृत सातवाहनांच्या राज्यात बहरली. त्यांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं पैठण.

याच पैठणात नावावरून वाद झाल्याची कथा आहे. संन्याशाची मुलं म्हणून वाळीत पडलेली चार भावंडं शुद्धिपत्र मागायला आली. ‘ज्ञानदेव’ हे नाव ऐकून कुणीतरी हिणवलं, नावात काय आहे? तो पखाल वाहणारा रेडा, तोही ‘ज्ञाना’च! पुढे रेड्यानं वेद म्हटले, ते आपण जाणतोच.

चमत्कार क्षणभर बाजूला ठेवू. हिणवणारे वेद शिकलेले होते, आणि रेड्याचं थोर नाव त्याच वेदात होतं. तरी कुणाला कमी लेखायचं, तर त्यांना रेडाच आठवला. ज्ञानदेवांनी ते माप मानलं नाही. दोघांत एकच आत्मा आहे, असं ते म्हणाल्याचं कथा सांगते.

जुन्नर तालुक्यात आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे. लोक आजही तिथं माथा टेकतात. ‘महिष’चा अर्थ त्यांना कुणी शिकवलेला नाही. आम्हाला वाटतं, त्यांनी तो वागण्यातून जपला.