क्षमापनेचा कागद : विज्ञप्तिपत्रापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत



पर्व संपले की आपल्या मोबाइलचे काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. जोडलेले हात, कमळ, समई आणि खाली तेच वाक्य : मन, वचन, कायेने कळत-नकळत आपले मन दुखावले असेल तर... संध्याकाळपर्यंत फोन भरून जातो. त्या गर्दीत कधी त्या जावेचाही मेसेज असतो, जिच्याशी वाटणीपासून धड बोलणे नाही. तिचा आपल्याला आलेला असतो, आपलाही तिला गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या पायरीवर दोघी समोरासमोर येतात आणि चप्पल शोधायच्या निमित्ताने माना खाली घालतात.

मग क्षमा मागितली गेली का? उत्तर मोबाइलवर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. पण क्षमेचा निरोप पाठवण्याची आपली परंपरा मोबाइलपेक्षा फार जुनी आहे. ती आधी पाहू.

श्वेतांबर परंपरेत विज्ञप्तिपत्र नावाचा सुंदर प्रकार होता. पर्युषणानंतर गावचा संघ दूरच्या आचार्यांना लांबलचक गुंडाळीचे पत्र पाठवी. त्यात क्षमायाचना असे आणि पुढचा चातुर्मास आमच्या गावी करावा अशी विनंतीही असे. पुढे पुढे या पत्रांत चित्रे आली : मंगल चिन्हे, गावचा बाजार, दुकाने, देरासर. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये आचार्य विजयसेनसूरींना पाठवलेले पत्र यात फार प्रसिद्ध आहे. चित्रकार उस्ताद शालिवाहन. त्यात बादशहा जहांगीरचा दरबार आणि पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याच्या फर्मानाचा प्रसंग रंगवला आहे. क्षमा मागताना गावाने आपली खबरबातही कळवली होती. असे पत्र वर्षातून एकदा जाई, आणि कुणीतरी ते हातात घेऊन वाट तुडवत जाई.

हे झाले संघाचे. घराघरातली क्षमापना गावापुरतीच होती. प्रतिक्रमण झाले की लोक एकमेकांच्या घरी जात, वडीलधाऱ्यांच्या पाया पडत. दूरच्या नातेवाइकांपर्यंत पोचायची सोय साध्या माणसाच्या हाती आली ती पोस्टकार्डाने. १ जुलै १८७९ रोजी भारतात पोस्टकार्ड सुरू झाले, किंमत पाव आणा. पाव आण्यात माफी कलकत्त्यापर्यंत जाऊ लागली.

मग छापील कार्डेही आली. हे विशेष लक्षात घ्यायला हवे, कारण ‘पूर्वी सगळे मनापासून लिहायचे’ असे आपण म्हणतो ते अर्धेच खरे आहे. मजकूर छापखान्यातला, सगळ्यांना एकच. तारेतसुद्धा शुभेच्छांची ठरलेली वाक्ये होती आणि त्यांना क्रमांक होते. फॉर्मवर नुसता आकडा लिहिला की पलीकडे पूर्ण वाक्य पोचे. तयार शब्द पाठवणे ही काही आपल्या पिढीची करामत नाही.

तरी त्या छापील कार्डात एक गोष्ट हाताने करावीच लागे : नाव आणि पत्ता. घरोघरी पत्त्यांची वही असे. मामांकडचे, व्याह्यांकडचे, जुन्या गावचे शेजारी, दुकानाचे व्यापारी, एकेक नाव काढून कार्ड लिहायचे आणि वहीत खूण करायची. आणि मग ते नाव येई. ज्याच्याशी जमिनीवरून बिनसले आहे, जिने लग्नात चारचौघांत अपमान केला, त्याचे किंवा तिचे. तिथे लेखणी थांबे. पान उलटायचे की लिहायचे? लिहिले तरी त्या क्षणी मनात काहीतरी हले, आणि गाळले तरी गाळल्याचे आपल्याला ठाऊक असे. खरी क्षमापना त्या थांबण्यात होती, असे मला वाटते. छापील मजकूर फक्त निमित्त.

यानंतर आला फोन. १९६० मध्ये लखनौ-कानपूर मार्गावर देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली, पण आपल्या ओळखीचे ते पिवळ्या पाट्यांचे बूथ १९८० च्या दशकाच्या अखेरीस गल्लोगल्ली दिसू लागले. रात्री उशिरा दर कमी होत, म्हणून माहेरी फोन करायला बायका तेव्हा रांगेत उभ्या राहत. मीटरचा आकडा पळत असे, मागचा माणूस खाकरत असे, आणि तेवढ्यात ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणायचे. पण पलीकडून आवाज येई. क्षणभर गप्प बसणे ऐकू येई, रडू ऐकू येई. कार्डाला ते जमत नव्हते.

३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. काही वर्षांत एसएमएस आला. त्यात इंग्रजी लिपीत १६० अक्षरे बसत आणि देवनागरीत फक्त ७०, म्हणून आपले प्राकृत शब्दही आपण इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकलो. पुढे व्हॉट्सअ‍ॅप आले. त्याची सुरुवात २००९ ची. आता चित्र फुकट, अंतर शून्य आणि नावांची वही बंद. ब्रॉडकास्ट यादी एकदा केली की ती दरवर्षी चालते. ते एक नाव यादीत असले काय, नसले काय, बोट कुठेच थांबत नाही.

फॉरवर्डचे हे न थांबणे फक्त क्षमापनेपुरते राहिले असते तर मी एवढे लिहिलेही नसते. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरत होती. देशात ठिकठिकाणी अशा हत्या झाल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

आपल्याकडे पाप तीन प्रकारे लागते : स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्याला अनुमोदन देणे. हे आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. अफवा पुढे पाठवणाऱ्याने दगड उचललेला नसतो. पण अनुमोदनेचे काय? ज्या बोटाने आपण सकाळी क्षमेचे चित्र पाठवतो, त्याच बोटाने दुपारी कुणाच्या तरी मुलीची बदनामी पुढे जाते, तीही न वाचता.

मोबाइलचे उपकारही मोजायला हवेत. २०२० चे पर्युषण आठवा. मंदिरे बंद होती. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईत दादर, भायखळा आणि चेंबूर इथल्या तीनच मंदिरांना शेवटच्या दोन दिवसांपुरती परवानगी दिली. बाकी सगळ्यांचे प्रवचन आणि प्रतिक्रमण घरातल्या पडद्यावर झाले. परदेशातल्या लेकीचा, सुनेचा चेहरा दिसला. अंथरुणाला खिळलेल्या आजींनी खाटेवरून संघात भाग घेतला. हे कार्डाने झाले नसते, बूथने तर नाहीच.

तेव्हा साधन बदलले याचे दुःख करत बसण्यात अर्थ नाही. ते विज्ञप्तिपत्रापासून बदलतच आले आहे. प्रश्न एवढाच की नावापाशी थांबणे आपण कुठे ठेवले.

कर्मग्रंथात क्रोधाचे चार प्रकार सांगितले आहेत. पाण्यावरची रेघ, वाळूवरची रेघ, जमिनीची भेग आणि डोंगराची भेग. पहिला पंधरा दिवस टिकतो, दुसरा चार महिने, तिसरा वर्षभर आणि चौथा जन्मभर. आपली पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणे याच मापाने बसवलेली दिसतात. वर्ष उलटले आणि राग तसाच राहिला, तर भेग डोंगराची होते. संवत्सरीला, दिगंबरांकडे क्षमावाणीला, एवढे महत्त्व आहे ते यासाठी. तो दिवस शुभेच्छांचा नाही, भेग बुजवण्याच्या मुदतीचा आहे.

मुदतीत चाळीस जणांना चित्र गेले आणि जिच्याशी भेग आहे तीही त्या चाळिसांत मिसळली, तर भेग तशीच राहते. उलट ‘पाठवले ना मी’ असे समाधान वर बसते, ते आणखी वाईट.

म्हणून यंदा एक करून पाहा. ग्रुपवरचे चित्र खुशाल पाठवा, त्याने कुणाचे वाईट होत नाही. पण पर्वाच्या आधी एक कागद घ्या आणि तीन नावे लिहा. ज्यांच्या नावापाशी हात थांबेल तीच तीन. त्यांना चित्र नको. फोन करा, नाहीतर व्हॉइस मेसेज पाठवा, गावातच असतील तर जाऊन या. काय झाले होते ते एका वाक्यात स्वतःच्या तोंडाने बोला. ‘कळत-नकळत’च्या आड जाऊ नका, कारण त्या तिघींच्या बाबतीत बहुतेक सगळे कळतच झालेले असते.

पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांत मिळते. तेही चालेल. पत्ता मात्र स्वतःच्या हाताने लिहा.

मिच्छामि दुक्कडं. उत्तम क्षमा.