नवऱ्याची सही कशाला?

परवा शेव्याकडच्या एका ताईंनी विचारलं, "भाऊ, गर्भपाताला नवऱ्याची सही लागते म्हणतात दवाखान्यात. खरं का?" नाही ताई, लागत नाही. पण हा वाद शंभर वर्षं जुना आहे मंडळी, म्हणून थोडं सविस्तर.

मोऱ्याहून लाँचने आपण भाऊच्या धक्क्याला उतरतो, त्याच मुंबईत १९२१ साली र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. मूल कधी आणि किती, हे बाईनं ठरवावं, एवढंच म्हणणं. मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यापायी गेली. सनातनी खवळलेच. गांधीजीही साधनांच्या विरोधात, संयम पाळा म्हणायचे. (नवऱ्यानं नाही पाळला तर बाईनं काय करायचं?) १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ मध्ये कोर्टात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, दंड झाला, पण मासिक कर्वे १९५३ मध्ये जाईपर्यंत चालूच. १९३८ ला बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव मुंबई विधिमंडळात आणला, तोही पडला.

गर्भपाताचा कायदा आला १९७१ ला. त्यात आता वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत (मूळ कायद्यात ते बारा आठवड्यांपर्यंतच पुरायचं) आणि सज्ञान बाईची स्वतःची संमती, बस. २०२२ ला सुप्रीम कोर्टानं अविवाहित मुलींनाही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीत घेतलं आणि डॉक्टरांनी घरच्यांच्या संमतीची जादा अट घालू नये असं बजावलं. डॉक्टरांची श्रद्धा त्यांच्यापाशी, तिचा मान आहेच. पण ताई, कागदावर सही तुमचीच.