बेने इस्रायली मटण

नारळाच्या दुधात मंद आचेवर शिजवलेले मटण हा कोकणातील बेने इस्रायल या मराठी भाषक ज्यू समाजाच्या कौटुंबिक मेजवानीतील एक प्रमुख पदार्थ होय. युरोपातील अश्केनाझी ज्यूंच्या सणाच्या पंगतीत गाईबैलाच्या छातीचे मांस, म्हणजे ब्रिस्केट, तासन्‌तास शिजवून वाढतात. कोकणात ते स्थान बोकडाच्या मटणाला मिळाले.

== मांसाची निवड ==
जनावराच्या मागील भागातील मांडीची शीर ज्यूंना वर्ज्य आहे. याकोबाच्या मांडीला झालेल्या दुखापतीची ही आठवण उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायात आहे. ती शीर काढणे कौशल्याचे काम असल्याने पुढच्या भागाला पसंती मिळाली. छातीचे मांस चिवट व म्हणून स्वस्त. त्यामुळे ते दीर्घकाळ शिजवण्याची रीत पडली. बेने इस्रायल मात्र हिंदू शेजाऱ्यांच्या सहवासात गोमांस परंपरेने टाळत आले. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी असली, तरी ही प्रथा त्याहून पुष्कळ जुनी आहे.

वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत सणाला बाटली मसाला घातलेले डुकराचे मांस शिजते. ज्यूंना ते निषिद्ध आहे. किनारा एकच, पंगती निराळ्या.

== नारळाचे दूध ==
करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोराहमध्ये तीनदा आली आहे. तिच्यामुळे मांसाबरोबर दही, लोणी वा तूप चालत नाही. रश्श्याला दाटपणा आणण्याची ही अडचण नारळाने सोडवली. नारळ धर्मनियमामुळे आला की परसात होता म्हणून, हे ठरवणे कठीण. कोकणात दोन्ही कारणे एकत्र नांदली. रोश हशाना, म्हणजे समाजाच्या बोलीतील 'नव्याचा सण', यासाठी होणारा गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधातच आटवतात. एलियाहू हनाबीच्या नावाने होणाऱ्या मलिद्यात पोहे, गूळ किंवा साखर आणि ओले खोबरे असते. त्यामुळे हे गोड पदार्थ मटणाच्या जेवणानंतरही खाता येतात.

== कृती ==
शोहेताने, म्हणजे धर्मविधीनुसार कापणाऱ्याने, कापलेले मांस अर्धा तास पाण्यात भिजवतात, मग जाड मीठ चोळून तासभर उतरत्या फळीवर निथळत ठेवतात व तीनदा धुतात. रक्त निघून जावे हा हेतू. मांसात मीठ आधीच मुरलेले असल्याने रश्श्यात ते बेतानेच घालावे लागते. नवशिके हमखास चुकतात ते येथे.

कांदा तेलात परतून त्यात आले, लसूण, हिरवी मिरची व कोथिंबिरीचे वाटण आणि हळद घालतात. मटण परतल्यावर नारळाचे दुसरे, पातळ दूध घालून झाकण ठेवून शिजवतात. बटाटे उशिरा पडतात. पहिले दाट दूध अगदी शेवटी, आच कमी करून घालतात. खळखळून उकळले तर ते फुटते.

== सद्यस्थिती ==
१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. मागे राहिलेल्यांत शोहेत मोजकेच उरले. ठाण्याचे १८७९ सालचे शआर हशामाइम सिनेगॉग आजही चालू आहे. परंतु कोशर मांस सर्वत्र मिळत नसल्याने अनेक घरांत समारंभालाही खवले व पर असलेले मासे किंवा शाकाहारी पदार्थ करतात. इस्राएलमध्ये स्थिती उलट आहे: तेथे कोशर मटण सहज मिळते, नारळ मात्र परदेशातून आणावा लागतो.